मानसशास्त्र म्हणजे ‘नुसतं कॉमन सेन्स’? नाही!

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘काहीच जमत नसेल तर बीएला सायकॉलॉजी घ्या. सगळं कॉमन सेन्स, गणित नाही, समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं आणि तीन वर्षांनी काउन्सेलिंग सेंटर उघडता येतं.’ मी पहिल्या वर्षाला हाच विषय शिकवते. यातलं एकही वाक्य खरं नाही.

कॉमन सेन्सचंच बघा. अतिपरिचयात अवज्ञा होते म्हणतात, आणि सहवासानं माया लागते असंही म्हणतात. दोन्ही पटतं. मग कुठलं, कधी खरं? द्वारका चौकात कुणी गाडीवरून पडलं, तर जितकी माणसं जास्त तितकी मदत लवकर मिळेल, असं वाटतं. डार्ली आणि लाटाने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये हे तपासलं. वेगळ्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला इंटरकॉमवर कुणाला तरी फिट आल्याचं ऐकू येई. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के फिट संपण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त 31 टक्के. जबाबदारी विभागली गेली, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते.

गोष्ट इथं संपत नाही, आणि मला हा विषय प्रिय आहे तो याचसाठी. 2019 मध्ये तीन देशांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं, आणि बघे जास्त असले की ती शक्यता वाढत होती. एकेकटा माणूस कचरतो, तरी गर्दीतून कुणीतरी पुढे येतं. हे घरबसल्या अंदाजानं कळलं नसतं. म्हणून मी वर्गात सांगते: अपघात झाला तर नुसतं ‘कुणीतरी फोन करा’ ओरडू नका. एकाकडे बोट दाखवून म्हणा, ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही 108 लावा.’

गणित नाही? सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात) यांच्याशिवाय एकही प्रयोग वाचता येत नाही. विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1879 मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा मोजमापाचा विषय आहे.

मनातलं ओळखायला आम्ही शिकवत नाही.

सेंटरचा मुद्दा मात्र घातक आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायला पदव्युत्तर शिक्षण, भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. नुसत्या बीएच्या जोरावर कुणी नैराश्यावर उपचार करत असेल, तर आपल्या मुलाला तिथं नेऊ नका.