स्टर्नड्राइव्हला हायड्रोफॉइल लावायला ड्रिल हातात घ्यायच्या आधी

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. स्टर्नड्राइव्हच्या (इंजिन आत, प्रोपेलर फिरवणारा ड्राइव्ह मागं बाहेर) बोटीला मागं हायड्रोफॉइल लावा, तोंड वर उठणार नाही, स्पीड वाढेल, पेट्रोल वाचेल, बोट उलटायची भीती नाही, आणि चार भोकं पाडली की दहा मिनिटांत काम फत्ते. सोबत व्हिडिओ, अख्खी बोट पाण्याच्या वर तरंगत चाललीय. आमच्या दाजींची उजनीवर जुनी स्टर्नड्राइव्ह बोट आहे, त्यांनी तर "ड्रिल मशीन घेऊनच ये रविवारी" म्हणून फोन केला. मी सोलापुरात इंजिनचीच कामं करतो, म्हणून दाजींना जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण ही भोकं एकदा पाडली की परत बुजत नाहीत.

आधी त्या व्हिडिओचं. ती खरी हायड्रोफॉइल बोट, तिला पोटाखाली पंख असतात आणि स्पीड घेतला की ते अख्खी बोट उचलतात. जुनी गोष्ट आहे ही, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या टीमनं अशीच बोट १९१९ साली ताशी ११४ किलोमीटरनं पळवली होती. आपल्याला जो विकतायत तो प्लास्टिकचा पंख आहे, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी प्लेट असते तिला बोल्टनं बसवायचा. तो बोट उडवत नाही, पळताना फक्त मागची बाजू थोडी उचलतो.

आता "तोंड उठणार नाही" हे. यात तथ्य आहे, ते मान्यच. मागची बाजू उचलली की तोंड खाली येतं, बोट लवकर प्लेनवर येते, म्हणजे पाणी कापायचं सोडून पाण्यावर घसरत पळते, आणि थोड्या कमी स्पीडलाही प्लेनवर टिकते. पण तोंड उठतंय का, हे कुणी बघतच नाही ओ. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, एकदम मागं बसलेलं, म्हणजे वजन आधीच मागं. दाजींच्या बोटीत त्याच्याच बाजूला बॅटरी, पेट्रोलचे २० लिटरचे दोन कॅन, बर्फाचा डबा आणि वर मागच्या सीटवर चार माणसं. बोट ट्रेलरवर घेऊन खालचा प्लग काढला तर पाणी थांबेचना, पाऊण बादली, मग एक, मग दुसरी, असं करत करत बराच वेळ गेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते सगळं इतके दिवस मागं लोंबकळत होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ट्रिमचं, म्हणजे ड्राइव्ह आत-बाहेर झुकवायचं बटण, दाजींना वाटायचं ते फक्त काठावर आल्यावर ड्राइव्ह वर उचलायला आहे! त्यामुळे निघताना ड्राइव्ह बाहेरच्या बाजूला झुकलेला, मग तोंड आभाळाकडं जाणार नाही तर काय. निघताना ट्रिम पूर्ण आत घ्यायचा, बोट प्लेनवर आली की हळूहळू बाहेर सोडायचा आणि तोंड वरखाली उड्या मारायला लागलं की परत थोडा आत. दोन्ही कॅन पुढं सरकवले, पाणी काढलं, ट्रिम आत घेऊन निघालो तर दाजी माझ्याकडं बगतच राहिले. एक रुपया खर्च नाही.

"स्पीड वाढेल" हे तर उलटं आहे. पाण्यात जास्तीची वस्तू ओढली की ओढ वाढते, आणि स्पीड दुप्पट झाला की ती ओढ साधारण चौपट होते. फुल थ्रॉटलला पंख पाण्यात बुडालेला असेल तर टॉप स्पीड थोडा कमीच होणार. तोंड जास्त दाबलं गेलं तर बोट डावीउजवीकडं भरकटते, स्टेअरिंग सारखं धरून ठेवावं लागतं.

पेट्रोलचं म्हणाल तर, जो माणूस माणसं भरून कमी स्पीडनं प्लेनवर फिरवतो त्याला थोडा फायदा होऊ शकतो. बाकीच्यांनी आधी पंखा बघा. तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची आरपीएम रेंज दिलेली असते, १३५ हॉर्सपॉवरच्या मर्क्रूझर ३.० इंजिनला ती ४४०० ते ४८०० आहे. नेहमीचं वजन भरून तेवढी येत नसेल तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर) जास्त आहे, एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढते. पात्याची कड वाकली असेल, दगडाला घासली असेल तरी पाण्यावरची पकड सुटून पंखा नुसता फिरतो. चार पात्यांचा पंखा मागची बाजू उचलायला मदत करतो, आणि त्याला भोकं पाडावी लागत नाहीत.

आणि "उलटायची भीती नाही" हे वाचून मला खरंच राग आला. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ माणसं गेली, आपल्याच उजनीत. असल्या पाण्यावर लोकांना असं सांगणं म्हणजे जिवाशी खेळ. पंख काम करतो तो फक्त बोट पळत असताना. थांबलेल्या, हळू चाललेल्या किंवा एका बाजूला माणसं झुकलेल्या बोटीला तो काडीचाही आधार देत नाही. एका बाजूला कलत असेल तर ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) बसवायचे ट्रिम टॅब, म्हणजे हलणाऱ्या पट्ट्या, वेगळे, ते डावे-उजवे स्वतंत्र हलतात, पण तेही बोट पळत असतानाच. वारा सुटला की काठ गाठायचा आणि लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, सीटखाली नाही.

राहिली ती चार भोकं. प्लेट ओतीव ॲल्युमिनियमची असते. भोक पाडलं की रंग जातो, त्यात स्टीलचा बोल्ट बसला की त्या जागी ॲल्युमिनियम गंजायला सुरुवात होते, आणि पळताना पंखाचा सगळा जोर त्याच भोकांवर येतो. माझ्याकडं एकाची प्लेट आली होती, भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर, नखानं कळत होती, नजरेला नाही. पुढच्या ट्रिपला तुकडाच पडला असता. शिवाय उजनीत जलपर्णी आहे, माशांची जाळी आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं तेव्हा आणखी काय काय वर येतं ते तिथल्या माणसाला विचारा. दोन्हीकडं बाहेर आलेला पंख सगळ्यात आधी त्यातच अडकणार.

वजन, ट्रिम, पंखा सगळं बघूनही बोट प्लेनवर यायला कुथत असेल तर लावा, माझी ना नाही. पण भोकं न पाडता क्लॅम्पनं धरणारा प्रकार मिळतो तो घ्या, आधी आणि नंतर मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड बघा, वाऱ्याच्या दिशेनं एकदा आणि विरुद्ध एकदा, तेवढंच वजन ठेवून. फरक नाही दिसला तर काढून टाका.

दाजींना पंखा काढून आणायला सांगितलाय, एका पात्याची कड मला वाकलेली वाटतेय. रविवारी बघतो.