सॉल्व्हंट आलं म्हणून वाफ गेली नाही

एक दावा सध्या भरपूर फिरतोय. थोडक्यात असा: कॅनडातल्या अल्बर्टात जमिनीखालचं जड तेल काढायला कंपन्या उगाच गॅस जाळून वाफ सोडत बसतात. त्याऐवजी ब्युटेनसारखं सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारं द्रव्य, सोडलं तर तेल थंडच विरघळतं, सॉल्व्हंट सगळं परत मिळतं, घाण खालीच राहते आणि प्रदूषण शून्य. वर हे तंत्र म्हणे कंपन्यांनी दडवून ठेवलंय.

शेवटचा आरोप सोडला तर प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे. पंचाईत तिथेच आहे.

‘तेल थंडच विरघळतं.’ विरघळतं, पण किती वेळात? अल्बर्टातल्या अथाबास्का भागाच्या वाळूतलं बिटुमेन, म्हणजे हेच जड तेल, जमिनीखाली 10-12 अंशांवर असतं. त्या तापमानाला ते पाण्याच्या दहा लाख पटींहून जास्त दाट असतं. वाहणं सोडाच, ते हलतही नाही. 200 अंशांच्या पुढे नेलं की हाच आकडा पाण्याच्या साधारण दहापटीवर येतो. वाफेने तेल पातळ करून काढण्याची ‘एसएजीडी’ पद्धत याच उतारावर उभी आहे. दोन आडव्या विहिरी, एकीखाली दुसरी, मध्ये सुमारे पाच मीटर. वरच्या विहिरीतून वाफ जाते, पातळ झालेलं तेल आणि पाणी खालच्या विहिरीत झिरपतं.

आता वाफ काढून फक्त सॉल्व्हंट सोडा. उष्णता आणि सॉल्व्हंट दोघांनाही बिटुमेनमध्ये शिरायचं आहे, पण त्यांच्या चालीत फार मोठा फरक आहे. ढोबळ हिशेबाने एका दिवसात उष्णता फूटभर आत जाते. थंड बिटुमेनमध्ये सॉल्व्हंट फार तर सेंटीमीटरभर, बहुतेकदा काही मिलिमीटर. एसएजीडीचे जनक रॉजर बटलर यांनीच 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बिनवाफेची ‘व्हेपेक्स’ पद्धत मांडली होती. कल्पना देखणी होती, पण तिला वाफेची जागा घेता आली नाही. पुढे फोर्ट मॅकमरीजवळ डोव्हर इथे 2014 पासून वाफेविना ब्युटेनचा प्रयोग झाला, आणि तो या दाव्याच्या बाजूने हमखास पुढे केला जातो. मात्र तिथेही ब्युटेन तापवून, वायुरूपातच सोडलं जात होतं. म्हणजे वाफ नव्हती, पण ‘थंडच’ हेही खरं नाही.

‘मग वाफ हवीच कशाला?’ कारण उष्णता वाहून न्यायला पाण्याइतका तगडा हमाल दुसरा नाही. वातावरणाच्या दाबाला एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे 2257 किलोज्यूल उष्णता मोकळी होते. हेक्झेन या सॉल्व्हंटच्या एक किलो वायूचा द्रव होताना जेमतेम 335.

सॉल्व्हंटचं खरं काम वेगळंच आहे, आणि मला ते या सगळ्या दाव्यापेक्षा जास्त रंजक वाटतं. पाणी 100 अंशांना उकळतं, हेक्झेन 69 ला. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून एकत्र ठेवले तर 61-62 अंशांनाच उकळू लागतात. जमिनीखाली दाब जास्त, त्यामुळे आकडे बदलतात, तत्त्व तेच. वाफेने तेल काढून रिकाम्या केलेल्या वाळूच्या कडेशी जाऊन पाहा. मिश्रण कडेकडे सरकतं तशी आधी वाफ गळून पडते, उरलेल्या वायूत सॉल्व्हंटचं प्रमाण वाढत जातं, आणि ते अगदी टोकाशी, जिथे उष्णतेचा जोर ओसरत आलेला असतो, तिथे द्रव होतं. तिथलं तेल आधीच कोमट झालेलं असतं, त्यामुळे सॉल्व्हंट त्यात पटकन शिरतं. वाफेने दार ढकलायचं आणि सॉल्व्हंटने बिजागरीत तेल सोडायचं, अशी ही वाटणी आहे. तितक्याच तेलासाठी वाफ कमी लागते, पण लागतेच.

‘सॉल्व्हंट सगळं परत मिळतं.’ नाही. काही भाग न निघालेल्या तेलात अडकतो, काही वरच्या वायूच्या किंवा पाण्याच्या थरात निसटतो. या तंत्राचा नफा-तोटा इथेच ठरतो. समजा, 100 बॅरल बिटुमेनमागे 20 बॅरल सॉल्व्हंट सोडलं आणि त्यातलं 15 टक्के खालीच राहिलं, तर 3 बॅरल गेले. सॉल्व्हंट बिटुमेनच्या दीडपट महाग धरलं तर साडेचार बॅरलची कमाई त्यातच गेली. शिवाय जे परत मिळतं तेही सावकाश, तोवर पैसा जमिनीत पुरलेला. वाचलेला गॅस याहून जास्त मोलाचा असेल तरच गणित जमतं.

‘घाण खालीच राहते.’ प्रोपेन-ब्युटेनसारख्या हलक्या सॉल्व्हंटने अस्फाल्टिन, म्हणजे तेलातला सर्वात जड भाग, काही प्रमाणात खाली बसतो. वर येणारं तेल थोडं हलकं होतं. पण तोच गाळ वाळूची छिद्रं बुजवू शकतो. फुकटची रिफायनरी समजू नये.

‘प्रदूषण शून्य.’ अल्बर्टातल्याच कोल्ड लेक इथल्या ग्रँड रॅपिड्स प्रकल्पात इंपीरियल ऑइलने 2024 मध्ये सॉल्व्हंटच्या जोडीने एसएजीडी सुरू केलं. कंपनीचा स्वतःचा दावा आहे की बॅरलमागचं उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत कमी होईल. जाहिरात करणारी कंपनीच 40 म्हणते, तिथे शून्य कुठून आलं? आणि हे आकडे तेल बाहेर काढण्यापुरतेच. एका बॅरलच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा ते इंधन म्हणून जळताना होतो. त्याला सॉल्व्हंटचा काही उपयोग नाही.

‘दडवून ठेवलंय.’ याच कोल्ड लेकमध्ये वाफेबरोबर सॉल्व्हंट सोडण्याची ‘लेझर’ पद्धत (प्रकाशाचा लेझर नव्हे, इंग्रजी नावाचं लघुरूप) 2002 मध्ये प्रायोगिक पातळीवर आणि 2007 मध्ये व्यावसायिक पातळीवर आली. पेटंटं आहेत, शोधनिबंध आहेत, परिषदांमध्ये वाचलेले पेपर आहेत. 2002 ते 2024 एवढा काळ गेला तो सॉल्व्हंट परत किती मिळतं हे मोजण्यात आणि गॅस स्वस्त असताना ते परवडतं का, या वादात.