खुलासा: सेंट्रल पार्कमधला देवदूत हे युद्धस्मारक नाही

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बेथेस्डा कारंज्याचा फोटो आणि त्याखाली "अमेरिकी यादवी युद्धात मरण पावलेल्या सैनिकांचं स्मारक" अशी ओळ व्हॉट्सॲपवर फिरते आहे. हे चूक आहे. पंख पसरलेली ती ब्राँझची आकृती सैनिकांची नव्हे, पाण्याची आहे.

१८३२ मध्ये कॉलऱ्याने या शहरात हजारो माणसं गेली. प्यायला स्वच्छ पाणी नव्हतं. मग क्रोटन नदीचं पाणी कालव्याने आणलं गेलं आणि १८४२ मध्ये ते शहरात पोहोचलं. पुतळा त्याची आठवण आहे. बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात, बेथेस्डाच्या तळ्याचं पाणी देवदूत ढवळतो आणि त्यात प्रथम उतरणारा आजारी माणूस बरा होतो. नाव तिथून आलं. म्हणूनच देवदूताच्या एका हातात शुद्धतेचं प्रतीक असलेली लिली आहे (फोटोत ती नीट दिसत नाही, त्यामुळे भलते अर्थ काढायला मोकळीक मिळते). खालची चार बालकं म्हणजे संयम, शुद्धता, आरोग्य आणि शांती. गोंधळ बहुधा या शेवटच्या बालकामुळे झाला असावा, शिवाय अनावरणाचं साल १८७३, म्हणजे युद्ध संपून आठच वर्षं झालेली.

शिल्पकाराचं नाव मात्र त्या संदेशात नाहीच, याचं मला जास्त वाईट वाटलं. एमा स्टेबिन्स. शहराने एवढं मोठं सार्वजनिक शिल्पकाम एका स्त्रीकडे सोपवण्याची ती पहिलीच वेळ होती. तिचा भाऊ उद्यान मंडळाचा अध्यक्ष होता, हेही खरं.