कूलरच्या घरघरीबद्दल, ‘एक जामनेरकर’ यांस

नमस्कार जामनेरकर,

‘दहा बाय बाराच्या खोलीत होम थिएटर’ या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना शोधत बसायला लागू नये म्हणून ती इथेच देतो: “कूलरच्या घरघरीत तुमचं फाइव्ह पॉइंट वन कोण ऐकणार? आधी मे महिन्यात जळगावात राहून बघा. ऑप्टिकल केबलने अॅटमॉस मिळतं हे साफ चूक. ४३ इंची टीव्ही पुरतो. प्रोजेक्टरचं नावही नाही, व्होल्टेजचं काय? लेख दुकानदाराने लिहून घेतल्यासारखा वाटतो.”

ऑप्टिकल केबलचं तुमचं बरोबर आहे. त्या केबलमधून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) जातं, अॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) जात नाही. त्यासाठी एचडीएमआयचं एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं भोक वापरावं लागतं. घाईत चुकलं, लेखात दुरुस्त केलं, आभार. पण ‘साफ’ हा शब्द लावायची गरज होती का? नुसतं ‘चूक’ लिहिलं असतं तरी मला कळलं असतं.

आता ‘जळगावात राहून बघा’. हे कुणाला सांगताय भो? जन्म माझा भुसावळचा, शाळा भुसावळची, नोकरीची एकोणीस वर्षं जळगावच्या एमआयडीसीत. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं, हे मला पेपरात वाचावं लागत नाही. पुण्याचा कुणी असं म्हणाला असता तर हसून सोडून दिलं असतं. जामनेरच्या माणसाने म्हणावं, याचं वाईट वाटलं.

आणि आवाजाचं म्हणाल तर माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत त्यांचा तंबू लागायचा. एका बाजूला घोड्यांचा बाजार, दुसरीकडे पाळणे, आणि तंबूच्या पाठीमागे डिझेलचा जनरेटर. तो धडधडायला लागला की शेजारच्या चहावाल्याच्या कपबश्या वाजायच्या. आत सतरंजीवर बसलेल्या माणसांना तरीही हिरोचा शब्दन् शब्द कळायचा. का? कारण स्पीकर पडद्याच्या मागे, मधोमध ठेवलेला असायचा. पडद्यावर तोंड हलतंय आणि आवाजही तिथूनच येतोय, म्हटल्यावर कानाला शोधावं लागत नाही. जनरेटरची घरघर एकसुरी असते, दहा मिनिटांत कान ती बाजूला टाकतो. सहा-सात वर्षांचा असताना मी प्रोजेक्टरशेजारी खोक्यावर बसून हे ऐकलंय. तुम्ही कुठे होता, मला माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकच स्पीकर होता ना, मग पाच कशाला? सांगतो. फाइव्ह पॉइंट वनमधला मधला स्पीकर म्हणजेच तो पडद्यामागचा स्पीकर. संवाद मुख्यतः त्यातूनच येतात. कूलरमुळे बुडतात ते स, श, त, थ असले बारीक आवाज, त्यामुळे ‘सात’ म्हटलं की ‘हात’ याची शंका येते. नुसता टीव्ही असेल तर तुम्ही रिमोटने आवाज वाढवता. संवाद ऐकू येतात, पण पुढच्या मिनिटाला गाडी उडते तीही तेवढ्याच जोरात, आणि आतल्या खोलीतलं पोर उठून बसतं. मग पुन्हा रिमोट. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) असेल तर एकट्या मधल्या स्पीकरची पातळी तीन-चार डेसिबल वर घ्यायची आणि बाकीचे चार होते तिथेच ठेवायचे. नाइट मोड लावला तर मोठे आवाज आणखी दबतात. म्हणजे कूलर आहे म्हणूनच मधला स्पीकर हवा. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने आहे, तुम्ही तो मला फेकून मारलात एवढंच.

माझा स्वतःचा कूलर लोखंडी, हिरव्या रंगाचा, खिडकीबाहेर अँगलच्या स्टँडवर. गवत दरवर्षी अक्षय्यतृतीयेच्या आत बदलतो. मोबाइलवरच्या अॅपने बसायच्या जागेवरून मोजलं: तिसऱ्या नंबरवर ६२ डेसिबल, पहिल्यावर ५४. (अॅप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, माहीत आहे, त्यावरून पुन्हा लिहू नका.) पाणी संपत आलं की पंप टकटक करतो, ती टकटक मात्र खरंच संवादात घुसते. टाकी भरून मगच पिक्चर लावायचा. कूलरचा ओला झोत थेट टीव्हीवर येऊ द्यायचा नाही, हेही मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलं असावं असं वाटत नाही.

सध्या ‘डॉल्बी’ म्हटलं की आपल्याकडे वरातीतल्या ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंतच डोळ्यांपुढे येते. तुमच्याही आली असावी. घरातलं डॉल्बी खिडक्यांच्या काचा हलवायला नसतं.

४३ इंची पुरतो, ज्याला पुरतो त्याला. सात फुटांवरून ५५ इंची पडदा नजरेचे साधारण ३२ अंश व्यापतो, ४३ इंची २५. पिक्चरसाठी तीसच्या आसपास हवेत असं सांगतात. बातम्याच बघायच्या असतील तर ३२ इंचीही चालेल. प्रोजेक्टर पांढऱ्या चुन्याच्या, खिडकीला पडदा नसलेल्या खोलीत दिवसा दिसत नाही, विषय संपला. व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लावा, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?

राहिला दुकानदार. माझा रिसीव्हर जुना, मित्राने बदली झाल्यावर विकलेला, मागचे दोन स्पीकर दुसऱ्याच सेटमधले, एकाची जाळीही नाही. असली जाहिरात कुठला दुकानदार लिहून घेईल?

बायको हे वाचून म्हणाली, एवढं उत्तर कशाला, आणि खरं तेही लिही. तर लिहितो: शेवटची पंधरा मिनिटं आली की मी कूलर बंद करतो. घाम येतो. ती उठून ओसरीत जाते.

मे महिन्यात या, पत्ता मेलवर कळवतो. कूलर दुसऱ्या नंबरवर ठेवून दाखवीन, शेवटची पंधरा मिनिटं सोडून.