पाच हसरे चेहरे

आज दुपारी आमच्या कार्यालयात ‘कर्मचारी समाधान सर्वेक्षण’ पार पडले आणि घरी येऊन दोन तास झाले तरी माझा संताप उतरलेला नाही. मोबाईलवर लिंक आली, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे, आणि सहाच्या आत सर्वांचे भरून झालेच पाहिजे, असा व्यवस्थापकांचा निरोप. माहिती गोपनीय राहील असे वर लिहिले होते आणि त्याखालीच कर्मचारी क्रमांक भरणे बंधनकारक होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची, आईच्या डायलिसिससाठी मागितलेली अर्ध्या दिवसाची रजा याच व्यवस्थापकांनी सकाळी ‘महिनाअखेर आहे’ म्हणून नाकारली होती. तिने दहाही प्रश्नांना हसरा चेहरा निवडला आणि मग बेसिनशी जाऊन बराच वेळ ती तोंड धूत राहिली.

2018 च्या मे महिन्यात मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात होते. वडील अर्धांगवायूने मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल होते आणि मी ते कार्यालयात कोणालाच सांगितले नव्हते. एका व्हाउचरवर 45,000 चे 54,000 झाले. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले नाही. ते स्वतः खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले, फोन पालथा ठेवला, त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि हळूच विचारले, “ताई, घरी काय होऊन राहिलं?” सगळे ऐकून घेतल्यावर एवढेच म्हणाले, “चार वाजता निघत जा. जीएसटीचं मी पाहून घेतो.” त्या महिन्याचे 20 तारखेचे विवरणपत्र त्यांनी रात्री थांबून स्वतः भरले आणि त्याचा उच्चार पुन्हा कधीही केला नाही.

त्यांच्या हाताखाली मी पुढे जितके मनापासून काम केले, तितके कोणत्याही बक्षिसासाठी केले नसते. कर्मचाऱ्यांनी कामात जीव ओतावा, असे वाटणाऱ्यांनी आधी त्यांच्या चुकीमागचे कारण विचारण्याइतका वेळ काढावा.

व्यवस्थापकांवरही वरून दडपण असते, हे मान्य. मोठ्या कंपनीत सर्वेक्षणाशिवाय सर्वांचे म्हणणे कळत नाही, हेही एक वेळ मान्य. पण शेजारच्या केबिनमधून जे उघड दिसते, ते कळण्यासाठी लिंक कशाला हवी?

आपण नागपूरकर एम्प्रेस मिलचे नाव अभिमानाने घेतो. 1877 साली जमशेदजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीत 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि 1895 मध्ये अपघात भरपाईची सोय झाली. कोणत्याही कायद्याने तसे बजावलेले नव्हते. कामगाराला म्हातारपण येते आणि त्याचा हात यंत्रात सापडू शकतो, हे मालकाच्या ध्यानात होते. त्याच शहरात आज एका मुलीची आई आजारी आहे, हे ध्यानात घ्यायला कोणी तयार नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, आणि मला राहून राहून तो पेन्सिलीचा गोल आठवतो आहे. ती मुलगी बेसिनशी उभी असताना मी जागेवरून उठले नाही, माझाही सर्वेक्षणाचा अर्ज भरायचा राहिला होता. साहेब असते तर उठले असते. उद्या तिच्याकडचे हिशेब बँकेच्या नोंदींशी ताडून पाहण्याचे काम मी करणार आहे, तसे व्यवस्थापकांना सकाळीच सांगणार आहे, आणि ती दुपारी आईला घेऊन जाणार आहे.