दगडाची तहान

आमच्या घरात दोन वर्षांहून अधिक काळ एका वनस्पतीला पाणी न घालण्याचे काम चालू असून त्यात घरातील चारही माणसे गुंतलेली आहेत. ऐकणाऱ्याला हे काम सोपे वाटते. पाणी घालायला अर्धे मिनिट पुरते. न घालायला मात्र सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंतचा सगळा वेळ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी ते काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

या वनस्पतीचे नाव लिथॉप्स ऑप्टिका, आणि त्यातही रुब्रा हा तिचा दुर्मिळ तांबडा वाण. लिथॉप्स म्हणजे दगडाच्या चेहऱ्याची. ग्रीक शब्द जोडून हे नाव एन. ई. ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1922 मध्ये दिले, ही माहिती मी मोठ्या उत्साहाने घरात सांगितली तेव्हा नवऱ्याने "मग आमच्या ऑफिसात तीन-चार आहेत" एवढेच म्हणून पुन्हा फोनमध्ये डोके घातले. दोन जाडजूड पाने, त्यांच्या मधोमध एक चीर, आणि बाकी काही नाही. खोड दिसत नाही, फांदी नाही, वाऱ्यावर डोलणे वगैरे तर नाहीच. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातील ज्या कोरड्या माळांवर हे कुळ राहते, तिथे काही ठिकाणी वर्षाला 100 मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि जे प्राणी पाणीदार पाने शोधत हिंडतात त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ही मंडळी आजूबाजूच्या खडीचे रंग घेऊन खडीतच बसून राहतात. 1811 साली विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गसंशोधकाने दक्षिण आफ्रिकेतील प्रिस्का गावाजवळ जमिनीवरचा एक गमतीदार खडा म्हणून काहीतरी उचलले आणि ती वनस्पती निघाली. या कुळाची विज्ञानाशी पहिली गाठ पडली ती अशी. माझी रुब्रा मात्र या घराण्यातील बंडखोर म्हणायला हवी. नामिबियातील ल्युडेरिट्झ गावाजवळच्या किनारी वाळवंटात तिची भावंडे करड्या रंगाची होऊन गुपचूप लपलेली असताना ही एकटीच गडद किरमिजी. जिथे सगळे घराणे लपण्यावर जगले, तिथे ही हातात झेंडा घेऊन उभी आहे, आणि अर्थातच त्यामुळेच माझ्यासारख्या लोकांच्या नजरेत भरते.

ती माझ्याकडे आली तेव्हा सोबत आलेल्या चिठ्ठीवर ऊन, माती, कुंडी यांविषयी दोन-दोन ओळी होत्या आणि पाण्यासमोर तीनच शब्द होते: गरज असेल तेव्हाच. आमच्या घरातील पुढच्या सगळ्या कटकटी या तीन शब्दांतून निघाल्या आहेत, कारण गरज कोणाची हे त्यात लिहिलेले नव्हते.

इथे सासूबाईंविषयी सांगणे भाग आहे. त्यांच्या हाताला गुण आहे, असे सगळे नातेवाईक मानतात. त्यांनी मोडकी फांदी खोचली तरी महिन्याभरात तिला पालवी फुटते, आणि माझ्या हातून मरायला टेकलेली झाडे त्यांच्या बाजूच्या कठड्यावर ठेवली की आठवड्यात टवटवीत होतात, ही गोष्ट त्या कधी बोलून दाखवत नाहीत, फक्त झाड माझ्या नजरेसमोर आणून ठेवतात. मी तीन भाग जाड खडी आणि जेमतेम एक भाग खत असे मिश्रण कालवू लागले, तेव्हा त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अगं, यात माती कधी घालणार?" माती घालायचीच नाही, मुळाशी ओल राहिली की ही सडते, असे मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण बाळाला उपाशी ठेवणाऱ्या आईकडे जसे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

रुब्राच्या आधी, सरावासाठी म्हणून, मी लिथॉप्सचीच एक साधी, सहज मिळणारी जात आणली होती. ती तिसऱ्या आठवड्यात फुटली. फुटली म्हणजे फुले-पाने फुटली असे नव्हे. एका बाजूची साल उभी तडकली आणि आतला हिरवट गर बाहेर डोकावू लागला. जास्त पाणी मिळाले की ही वनस्पती ते नको म्हणत नाही. जन्मभर दुष्काळ पाहिलेल्या माणसासारखी ती समोर येईल ते साठवत जाते, आणि शेवटी कातडी कमी पडते. मी त्याच संध्याकाळी घरात चौकशी आरंभली. माझा संशय कुणावर होता हे सांगायला नको. सासूबाईंनी शांतपणे कबूल केले की दोनदा, अगदी चमचाभर, घातले. त्यांच्या कबुलीने मला चढलेला जोर फार टिकला नाही, कारण नवऱ्याने पिण्याच्या ग्लासातले उरलेले पाणी "फेकायचं कशाला" म्हणून तिथे ओतल्याचे सांगितले, चिरंजीवांनी विज्ञानाचा प्रयोग म्हणून ड्रॉपरने चाळीस थेंब मोजून घातले होते, आणि राहता राहिले मी. मी दर रविवारी रात्री सगळे झोपल्यावर थोडेसे घालत होते. चौघांचे मिळून चार थोडेसे झाले होते, आणि त्यांतला सर्वांत मोठा थोडेसा माझा होता.

रुब्रा आल्यावर म्हणून नियम झाले. कुंडी माझ्या खोलीच्या खिडकीत, पाण्याची नोंद वहीत, आणि माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. गरज ओळखण्याच्या मी तीन पद्धती शिकले. पहिली म्हणजे लाकडी काडी मुळापर्यंत खोचून ती ओली निघते का ते पाहणे, दुसरी म्हणजे कुंडी रोज वजनकाट्यावर ठेवणे, आणि तिसरी म्हणजे पानाच्या कडेला बोटाने हलकेच दाबून ते मऊ पडले आहे का, बाजूला बारीक सुरकुत्या आल्या आहेत का, हे भिंगातून बघणे. सुरकुती दिसली तर तहान, आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा नाहीशी झाली तर तो फक्त दुपारचा उकाडा. ज्या भिंगातून मी त्या पानावरची सुरकुती शोधत असे, त्याच भिंगात एकदा माझे स्वतःचे बोट दिसले, आणि घरात पाण्याची खरी गरज कुणाला आहे याविषयी काही काळ शंका आली.

बाकीचे छळ मी भराभर सांगून टाकते. ऊन कमी पडले तर ही दगडपणा सोडून मान उंच करते आणि पुन्हा कधी खाली घेत नाही, आणि ऊन एकदम वाढवले तर भाजते. त्यामुळे पहिल्या महिन्यात मी कुंडी दर तीन दिवसांनी वीतभर पुढे सरकवत होते. उघडे रान सोडून तिला भिंतीआड ठेवायचे म्हटल्यावर हे आलेच. तिच्या पानांचा माथा अर्धपारदर्शक असतो, आणि हिरव्या पेशी आत, खाली असतात. ऊन छताच्या काचेतून तळघरात उतरावे तसे उतरते. पिठ्या ढेकूण मुळांत शिरतो आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून मधूनमधून कुंडी उलटी करावी लागते. हे सगळे मला जमले, कारण यांत काहीतरी करायचे असते.

जमले नाही ते पानांच्या बदलाच्या वेळी. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या सुमारास, या वनस्पतीच्या पोटात नव्या पानांची जोडी तयार होते, आणि जुनी जोडी आपल्यातले सगळे पाणी हळूहळू त्या नव्या जोडीला देत देत सुकत जाते, शेवटी कागदाच्या दोन सालींएवढी उरते. या काही महिन्यांत वरून पाण्याचा एक थेंबही द्यायचा नसतो. दिला, तर जुनी पाने ते पिऊन पुन्हा गुबगुबीत होतात, जागा सोडत नाहीत, आणि नवी जोडी त्यांच्यात अडकून पडते. हा मजकूर मी एका रात्री सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. "जुन्यांनी वेळेवर जागा सोडली नाही, तर नव्यांची वाढ खुंटते," या वाक्यापर्यंत आले तेव्हा खोलीत शांतता पसरली आहे आणि सासूबाईंनी हातातले विणकाम थांबवले आहे, हे माझ्या लक्षात आले. "पानांविषयी आहे हे," मी म्हणाले. "कळलं की," त्या म्हणाल्या, आणि सुया पुन्हा चालू झाल्या, जरा जोरात.

परंतु त्या रात्रीपासून एक विलक्षण गोष्ट घडली. सासूबाईंनी रुब्राची बाजू घेतली. म्हणजे जुन्या पानांची. रोज सकाळी त्या येऊन बघत आणि "किती देते गं बिचारी" असे म्हणत, आणि तिचे ते देणे वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पाण्याविरुद्ध असा पहारा बसवला की माझ्याच खिडकीत माझीच चोरी होऊ लागली. जुनी पाने खप्पड होत चाललेली मला बघवत नव्हती. पाण्याची झारी तर त्यांनी आधीच उचलून नेली होती. एकदा पहाटे मी कपाटामागे लपवलेला चमचा घेऊन खिडकीशी गेले, तर मागून आवाज आला, "कागद झालेत का?" मी म्हटले, झालेच आहेत जवळजवळ. त्या चष्मा लावून आल्या, वाकल्या, बोटाने स्पर्श केला. "कागद नाही. पुठ्ठा आहे अजून." मी चमचा परत नेऊन ठेवला. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून परवानगी दिली आणि मी कुंडी भिजवली, तेव्हा खडीतून खाली उतरणाऱ्या पाण्याचा सूं असा आवाज आम्ही दोघींनी कान लावून ऐकला.

पुढे फूल आले. चिरेतून कळी वर आली, आणि फूल पांढरेशुभ्र, झाडापेक्षा मोठे, दुपार झाल्यावर उमलणारे आणि संध्याकाळी मिटणारे. म्हणजे मी कामावर असताना उमलणारे आणि मी घरी पोहोचेपर्यंत मिटणारे. ते चारही दिवस सासूबाईंनी पाहिले. रविवारी मी घरी होते, तर आभाळ भरून आले आणि फुलाने उघडण्याचा विचार रद्द केला.

लिथॉप्सच्या एकट्या रोपाचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही, तेव्हा बी मिळण्याची आशा नव्हती. पण याच छंदातल्या एका परिचिताने मला रुब्राचे एक वाळलेले बोंड दिले. ते बोंड वाटाण्याएवढे, तपकिरी, सुरकुतलेले, मेल्यासारखे दिसत होते. मी त्यावर ड्रॉपरने एकच थेंब सोडला. काही क्षण काही झाले नाही. मग त्याच्या झडपा एकामागून एक हलू लागल्या, उचलल्या गेल्या, बाहेर वळल्या, आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्या वाळक्या बोंडाचे एक छोटे तारेसारखे फूल झाले, ज्याच्या कप्प्यांत तपकिरीच्या चिमटीसारखे बी होते. माळावर पावसाचे टपोरे थेंब पडले की ते बी असेच उडून जाते, आणि पाऊस थांबून बोंड वाळले की झडपा पुन्हा मिटतात. दीड वर्षानंतर या घराण्यातील कुणीतरी माझ्या हातचे पाणी मिळाल्याबद्दल आनंद व्यक्त केला होता, आणि तेही मेलेल्याने.

बी पेरले. इथे माझे दिवस पालटले, कारण या कुळातल्या लहान मुलांना सुरुवातीचे काही महिने वरची ओल वाळू द्यायची नसते. मी सकाळ-संध्याकाळ फवारा मारत असे, उघडपणे, सर्वांच्या देखत. पंधरा दिवसांत एकोणीस रोपे दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी. पुढच्या महिन्यात कुज लागून आठ गेली. मग चार. मग एके दिवशी फवाऱ्याची धार जरा जोरात बसली. दहाव्या महिन्यात एकच उरले, पण काय उरले होते! लालसर, घट्ट, मधोमध रेखीव चीर, कधी कुजले नाही, कधी सुरकुतले नाही, ऊन कमी पडले तरी मान वर केली नाही. मी त्याचे दर आठवड्याला फोटो काढले. आकारात फरक पडत नव्हता, परंतु यांची वाढ अत्यंत सावकाश होते हे सगळीकडे लिहिलेलेच आहे.

गेल्या आठवड्यात त्याला मोठ्या कुंडीत हलवण्याचे ठरले. घरातली सगळी जमली. मी भिंग डोळ्याला लावले, श्वास रोखला आणि त्याचे मूळ मोकळे करण्यासाठी लाकडी काडीचे टोक त्याच्या कडेला हलकेच टेकवले. टक् असा आवाज आला. मी पुन्हा टेकवले. पुन्हा टक्. चिरंजीवांनी ते चिमट्याने उचलले. त्याला मूळ नव्हते. बर्चेलने दगड म्हणून उचललेली वस्तू वनस्पती निघाली होती, आणि दोनशेहून अधिक वर्षांनी मी दहा महिने वनस्पती म्हणून वाढवलेली वस्तू दगड निघाली होती. नवरा काही बोलणार होता, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

सासूबाईंनी तो खडा चिमट्यातून घेतला, पदराने पुसला, कुंडीत पहिल्या जागी ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं की. याला आता घाल हवं तेवढं."

मी आत जाऊन तांब्या काठोकाठ भरून आणला.