चकलीचा आवाज

आमच्याकडे डोंबिवलीत अचानक शांतता झाली की घरातल्या कुणाच्याही तोंडून पहिलं वाक्य निघतं, "लाइट गेले का?" पंखा थांबलेला असतो, शेजारची मालिका थांबलेली असते, खालचा पाण्याचा पंप थांबलेला असतो. स्टेशनवर शांतता असेल तर प्रकरण त्याहून गंभीर, म्हणजे गाड्याच बंद. थोडक्यात, गेल्या ६२ वर्षांत शांततेने माझ्याकडे एकदाही चांगली बातमी आणलेली नाही.

त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, उद्या तुम्हाला एका अगदी शांत जंगलात नेते," तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

लेक-जावई इंग्लंडात बकिंगहॅमशरमध्ये राहतात, लंडनच्या मेट्रोची मेट्रोपोलिटन लाइन जिथे संपते त्या ॲमरशमजवळ. गाडी जिथून सुटते तिथे राहायचं म्हणजे रोज खिडकीची जागा. डोंबिवलीकराला गाव आवडायला आणखी काय लागतं? आजूबाजूला चिल्टर्नचे डोंगर आहेत, असं इथले लोक म्हणतात. आपण त्याला चढण म्हटलं असतं. पण त्या चढणींवर बीच नावाच्या झाडांची जंगलं आहेत आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ती बघितली नाहीत तर विमानाचं तिकीट फुकट गेलं, असा लेकीचा सूर होता.

सकाळी जावयाने आपले रबरी गमबूट माझ्यापुढे ठेवले. दोन नंबर मोठे. वर म्हणाला, "बाबा, पँट मोज्यात खोचा. गोचीड असतात."

"म्हशींना होतात ते?"

"हो. इथे माणसांनाही चावतात."

मी मुकाट्याने पँट खोचली. हिने साडीवर मोजे, मोज्यांवर बूट आणि सगळ्यावर लेकीचं जॅकेट असा अवतार केला आणि आरशात न बघता निघाली. शहाणपणाच केला.

जंगलात जायची वाट दुसऱ्याच्या शेतातून होती. खांबावर एक पिवळा बाण असतो, तो दिसला की कुणाच्याही रानातून बिनधास्त चालायचं, मालक चकार शब्द काढत नाही. आमच्या गावाकडे बांध एक फूट सरकला तर तीन पिढ्या कोर्टात जातात, म्हणून मी सवयीने दोनदा मागे वळून पाहिलं. शेताच्या टोकाला एक विचित्र फाटक होतं. अर्धगोल कुंपणात झुलणारं दार, आत शिरायचं, दार पलीकडे ढकलायचं आणि मग बाहेर पडायचं. एका वेळी एकच माणूस जातो, गुरं अडतात. त्याला 'किसिंग गेट' म्हणतात, हे जावयाने सांगितलं खरं, पण सासऱ्याला सांगताना तो पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. मी पाठीवरच्या सॅकसकट आत शिरलो आणि अडकलो. गुरं अडवण्यासाठी केलेली रचना किती चोख आहे याची खात्री पटली.

मागे चार माणसं थांबली होती. सगळ्यांनी "मॉर्निंग" म्हटलं. लंडनच्या गाडीत गुडघ्याला गुडघा लागला तरी तोंड न उघडणारी ही माणसं रानात आली की दिसेल त्याला मॉर्निंग घालतात, आणि कुत्र्याची तर नावानिशी विचारपूस. मग अचानक सगळे माना वर करून थांबले. मीही पाहिलं. घार होती. तांबूस, दुभंगलेल्या शेपटीची, पण घारच. इंग्लंडातून ही तांबडी घार एकोणिसाव्या शतकात पार नाहीशी झाली होती, मग १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून ९० पक्षी आणून इथे सोडले, असं जावयाने कौतुकाने सांगितलं. आमच्या कचरा डेपोवर एका वेळी तेवढ्या घिरट्या घालत असतात. पण पाहुण्याने असं बोलू नये म्हणून मी "वा!" म्हटलं.

"बाबा, हळू," लेक म्हणाली.

जंगलात शिरलो आणि कानाला दडे बसल्यासारखं झालं. वर बीचची कोवळी पानं, इतकी पातळ की ऊन त्यांच्यातून हिरवं होऊन खाली येत होतं. आणि खाली जमीन दिसतच नव्हती, नुसता निळा-जांभळा धूर पसरल्यासारखी ब्लूबेलची फुलं. एका दांड्यावर दहा-बारा घंट्या, सगळ्या एकाच बाजूला माना टाकलेल्या. जगातल्या या फुलांपैकी जवळपास निम्मी म्हणे ब्रिटनमध्येच आहेत. त्यांची युक्ती मला लगेच कळली. मोठ्या झाडांना पानं फुटून वरचं छप्पर मिटलं की खाली ऊन येत नाही. म्हणून हे त्याआधीच, एप्रिल-मेमध्ये, घाईघाईने उगवून फुलून घेतात. डोंबिवलीहून आधी उलटं कल्याणला जाऊन सीट धरणारे आम्ही आणि ही फुलं एकाच शाळेतले.

"वा, काय सुंदर—"

"बाबा, हळू."

"अगं, ऐकायला आहे कोण इथे?"

"तेच तर ना!"

हे उत्तर मला अजून कळलेलं नाही.

हिचा हात एव्हाना फुलांकडे गेला होता. "दोन देवाला घेते." ही पहाटे पिशवी घेऊन फिरायला जाणाऱ्यांच्या संप्रदायातली आहे, कुणाच्याही कंपाउंडबाहेर आलेली जास्वंदीची फांदी ही यांची सार्वजनिक मालमत्ता. लेकीचा चेहरा असा झाला की मला वाटलं पोलीस आले. १९८१ चा कायदा आहे, मालकाच्या परवानगीवाचून कुठलंही रानझाड मुळासकट उपटता येत नाही, फुलंही कुणी तोडत नाही, आणि वाटेबाहेर एक पाऊल पडलं तरी पानं चिरडून पुढची काही वर्षं तिथे धड फूल येत नाही, असं तिने कुजबुजत्या आवाजात पण पूर्ण ऐकवलं. मग आम्ही मुंग्यांसारखे एकामागे एक.

"हे प्राचीन वन आहे," जावई म्हणाला. "इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग जंगल असेल तरच तसं म्हणतात."

म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी ३० वर्षं. आमची सोसायटी १९८९ ची आहे आणि बिल्डर पुनर्विकासाचे कागद घेऊन दारात उभा आहे.

थोडं पुढे गेल्यावर ही थबकली. "कुणीतरी लसणाची फोडणी घातलीय." खरंच वास होता. उताराच्या ओलीत पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं आणि लांब रुंद पानं, हा रानलसूण. हिच्या डोळ्यांत चटणी दिसायला लागली. चार पानं घेतलेली चालतील, असं लेकीने मोठ्या मनाने सांगितलं, पण जावई म्हणाला, "आई, जपून. यातच एक विषारी पान उगवतं. अळूच्या कुळातलं आहे."

"मग खाजत असेल," ही म्हणाली. वनस्पतिशास्त्राचा तास तिच्यापुरता संपला.

खाजलं मात्र मला. तोल सावरायला हात बाजूला टाकला तो नेमका नेटलवर. म्हणजे आपल्या खाजकुइलीची विलायती मावसबहीण. हातावर पुरळ उठलं आणि मी जे ओरडलो त्याला कुणीही "हळू" म्हटलं नाही, कारण तोवर ते निरर्थक झालं होतं. जावयाने शेजारचंच एक रुंद पान तोडून हातावर चोळायला दिलं. इथल्या पोरांना हा उपाय लहानपणापासून माहीत असतो. हिने ते पान माझ्या हातातून काढून घेतलं, उलटंपालटं केलं, हुंगलं, टोक दातात धरलं.

"हा तर चुका आहे."

जावयाने मोबाइल काढला. निघालं की खरंच ते चुक्याच्याच जातीतलं. मग ही जी सुटली! अळू खाजतो म्हणून फदफद्यात चुका घालतात, हे हिच्या आजीला ठाऊक होतं. इथे खाजवणारं आणि उतरवणारं शेजारी शेजारी उगवतं, आणि यांना अजून फदफदं सुचलं नाही! चुक्याने गुण आला की हिच्या बोलण्याने लक्ष उडालं, सांगता येत नाही, पण आग कमी झाली.

साडेअकराला एका आडव्या पडलेल्या खोडावर बसलो. समोर वीसेक पावलांवर हिरव्या जॅकेटातला एक वयस्क गृहस्थ दुर्बीण छातीशी धरून झाडाकडे कान लावून उभा होता. अगदी पुतळा. मला भूक लागली होती. चकल्या हिने दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर रबरबँड लावून, महापुराला तोंड देतील अशा बांधल्या होत्या. पहिली पिशवी उघडताना त्याचा खांदा हलला. दुसरीला मान. मी श्वास रोखून एक चकली काढली आणि चावलो.

आमच्या घरात चकली नरम पडली तर घराण्याची अब्रू जाते. भाजणी, मोहन, तेलाचं तापमान, सगळं हिच्या हातात पक्कं बसलेलं आहे. ३५ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, एवढी एक खेप बिघडली असती तर! तो 'कुर्रम' बीचच्या एका खोडावरून दुसऱ्यावर जाऊन परत आला. गृहस्थ वळला. माझ्या तोंडात अर्धी चकली. चावायची सोय नाही, गिळायची शक्यता नाही. मी ती विरघळवायला घेतली. चकली विरघळत नाही. तिचे काटे टाळ्याला टोचतात आणि डोळ्यांत पाणी येतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस निसर्ग पाहून गहिवरलाय.

हिने सरळ उठून पिशवी त्याच्यापुढे धरली. "प्लीज," ही म्हणाली. हिचं इंग्रजी तेवढंच आहे, पण नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. त्याने एक चकली घेतली, पक्ष्याचं घरटं बघावं तशी तिची वेटोळी न्याहाळली आणि चावला.

कुर्रम.

तो जागच्या जागी गोठला. मग अगदी हळू म्हणाला, "सॉरी." आम्हाला नाही. झाडांना.

मला एकदम धीर आला. मी उरलेली अर्धी मनसोक्त चावली, त्याने दुसरी मागून घेतली, आणि आम्ही दोघं डोळे मिटून भिंतीला भोक पाडल्यासारखे कडाकडा खात होतो तेवढ्यात वरून, कुठल्याशा वाळल्या फांदीतून, टर्र्र्र्र्र् असा आवाज आला. थांबला. पुन्हा टर्र्र्र्र्र्. त्या माणसाने चकली दातात धरून दुर्बीण डोळ्याला लावली. लेक नि जावई आनंदाने एकमेकांना ढोसायला लागले. सुतारपक्षी!

ही पिशवीला रबरबँड लावत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम निघालं वाटतं," ती म्हणाली.